गाडी ओढेल हो, पण थांबेल का?

पिकअपच्या मागे ट्रॉली जोडून जास्त माल नेण्याचा विचार अनेक व्यावसायिक कुटुंबांत होत असतो. ट्रॉली केवढी घ्यायची, हे मात्र बहुतेक वेळा फुटांच्या मापाने आणि इंजिनाच्या ताकदीवर ठरवले जाते. खरा हिशेब किलोंचा आणि ब्रेकचा आहे.

मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर असा मजल-दरमजल करीत येणारा महामार्ग बंगळूर शहरात शिरतो तो यशवंतपूरच्या बाजूने. पूर्वी याचा क्रमांक ४ होता, आता तो ४८ झाला आहे. यशवंतपूरच्या बाजार आवारात कांदा, बटाटा आणि लसणाचे ट्रक पहाटेपासून रिकामे होऊ लागतात. त्यांत नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरकडचे ट्रकही असतात. फाळके धडाधड खाली पडतात, हमालांच्या पाठीवरून गोण्या उतरतात, आणि उजाडता उजाडता तोच माल लहान गाड्यांत भरून शहराच्या गल्लीबोळांकडे निघतो.

या लहान गाड्या म्हणजे या बाजाराचे हातपाय. २००५ साली बाजारात आलेला आणि ‘छोटा हाथी’ या नावाने घरोघरी माहीत झालेला टाटा एस, त्याहून मोठा बोलेरो पिकअप, टाटाचा योद्धा. एकेका गाडीवर एकेक कुटुंब चालते. थोरला मुलगा गाडी चालवतो, धाकटा वसुली पाहतो, सून रात्री वहीत डिझेल, हमाली आणि उधारी मांडते.

अशा घरात एक दिवस विषय निघतोच. धंदा वाढतो आहे, गाडी पुरत नाही, दुसरी गाडी घ्यायची तर पुन्हा कर्ज आणि पुन्हा ड्रायव्हर. त्यापेक्षा मागे एक छोटी ट्रॉली जोडली तर? गाडी तर ताकदवान आहे. गावाकडे ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या पाहिल्या आहेत. शिवाय यशवंतपूरला लागूनच पीण्याची मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या रस्त्यांवर जनरेटर, कॉम्प्रेसर, काँक्रीटचा मिक्सर टेम्पोच्या मागे बांधून नेलेले रोज दिसतात. मग आपणच काय घोडे मारले?

वेल्डिंगच्या कारखान्यात चौकशीला गेले की पहिला प्रश्न येतो, ‘‘किती बाय किती पाहिजे? सात बाय पाच की आठ बाय पाच?’’

घोटाळा इथूनच सुरू होतो.

फुटांचे माप फसवे असते

आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दीड फूट उंच फळ्यांची ट्रॉली घेतली तर तिचा हौदा साठ घनफुटांचा होतो. घर बांधलेल्या माणसाला सांगायचे तर एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा ही ट्रॉली सहादशांश ब्रासची. तिच्यात काठोकाठ कांदा भरला तर वजन साधारण एक टन होते. तेवढेच पाणी भरले तर पावणेदोन टनांच्या जवळ जाते. कोरडी वाळू भरली तर पावणेतीन टन, आणि ओली असली तर त्याहूनही जास्त. ट्रॉली तीच, फळ्या त्याच, आणि ओझे मात्र जवळजवळ तिप्पट.

म्हणून ‘एवढ्या मापाची ट्रॉली चालेल का’ या प्रश्नाला उत्तरच नसते. कांद्यासाठी घेतलेली ट्रॉली एखाद्या रविवारी मेहुण्याच्या बांधकामावर वाळू टाकायला जाते आणि त्या दिवशी ती दुसरीच वस्तू झालेली असते. हौदा मोठा घेतला की तो भरण्याचा मोह होतो, हेही खरेच. ज्यांना जड माल न्यायचा आहे त्यांनी ट्रॉली लहानच घ्यावी. रिकामी जागा दिसली की हमालही आणखी दोन गोण्या टाकतो.

सुनेच्या वहीतला हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी गोल धरले आहेत. आपल्या गाडीचे आकडे नोंदणी प्रमाणपत्रावर आणि कंपनीच्या पुस्तिकेत असतात, तेच धरायचे.

समजा, पिकअपचे स्वतःचे वजन १,७०० किलो आहे आणि मालासह एकूण पासिंग ३,००० किलोचे आहे. म्हणजे १,३०० किलो भरता येतात. पण हे १,३०० किलो सगळे कांद्याचे नाहीत. कायद्यात रिकाम्या गाडीचे जे वजन धरतात त्यात ड्रायव्हर धरलेला नसतो. ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस मिळून १४० किलो वजा केले की ११६० उरतात. पन्नास किलोंची एक याप्रमाणे तेवीस गोण्या झाल्या. ट्रॉलीशिवायची खेप ही एवढी.

आता ट्रॉली जोडू. लोखंडी ट्रॉली स्वतःच ३५० किलोंची. तिच्यात तेरा गोण्या, म्हणजे ६५० किलो. एकूण एक टन. ट्रॉलीचे सगळे ओझे तिच्या चाकांवर पडत नाही. तिच्या दांड्याचा भार गाडीच्या हुकावर येतो, आणि तो ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावाच लागतो. का, ते पुढे येईलच. इथे तो कमीत कमी म्हणजे १०० किलो धरू. हे १०० किलो पिकअपनेच उचललेले असतात, तेव्हा ते तिच्याच पासिंगमधून वजा होतात. पिकअपमधल्या दोन गोण्या खाली उतरल्या. एकवीस राहिल्या.

ट्रॉलीत तेरा गोण्या मावल्या, पण खेपेत वाढ झाली ती अकराच गोण्यांची.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण आणखी एक आकडा असतो आणि तोच बहुतेकांना ठाऊक नसतो. गाडी आणि ट्रॉली मिळून एकत्रित वजन किती चालेल, हा तो आकडा. गाडी ओढण्यासाठी मंजूर असेल तरच तो कंपनी देते. वरच्या उदाहरणात पिकअप, माणसे आणि एकवीस गोण्या मिळून २,८९० किलो, अधिक ट्रॉलीचा एक टन, असे ३,८९० किलो रस्त्यावर धावणार आहेत. समजा, कंपनीने एकत्रित मर्यादा ३,५०० किलोंची दिली असेल, तर एक टनाची ट्रॉली जोडल्यावर पिकअप माणसांसकट २,५०० किलोंच्या आतच राहिली पाहिजे. म्हणजे तिच्यात तेरा गोण्या. ट्रॉलीत तेरा, पिकअपमध्ये तेरा, एकूण सव्वीस.

ट्रॉलीशिवाय तेवीस जात होत्या. ट्रॉली विकत घेतली, तिची नोंदणी केली, विमा उतरवला, चार टायर जास्त सांभाळले नि परतीच्या वाटेवर ३५० किलो लोखंड रिकामे ओढत आणले, हे सारे तीन गोण्यांसाठी! रात्री हा हिशेब वहीत मांडला तर घरातली सूनच ट्रॉलीवर काट मारील. तिच्या मते दुसरी खेप स्वस्त पडेल, आणि तिचे बरोबर आहे.

पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा उल्लेखच नसेल तर? मग त्या गाडीसाठी सुरक्षित ट्रॉलीचे माप शून्य समजायचे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मालवाहू पिकअप बहुतेक हौद्यात माल भरून नेण्यासाठीच बनवलेल्या असतात, म्हणून हा आकडा शोधूनही सापडला नाही तर नवल नाही. अशा वेळी अधिकृत विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे. ‘‘काही होत नाही साहेब, सगळे लावतात,’’ हे लेखी उत्तर नव्हे.

बैलगाडीवाल्यांना ठाऊक असलेली गोष्ट

हुकावर थोडा भार हवाच, हे आजोबांच्या पिढीला शिकवावे लागत नव्हते. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे फार पुढे झाले तर बैलांच्या मानेवर येते. चांगला गाडीवान माल भरताना दांडी हाताने उचलून अंदाज घ्यायचा.

ट्रॉलीचे तेच आहे. फरक एवढाच की इथे वेग साठ किलोमीटरचा असतो. माल मागच्या बाजूला जास्त भरला तर ट्रॉली डावीकडे-उजवीकडे डुलू लागते. वाऱ्याचा झोत, शेजारून गेलेली बस, रस्त्यातला खड्डा, काहीही निमित्त पुरते. एकदा डुलणे सुरू झाले की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रॉलीच गाडीला फिरवते. ड्रायव्हरचा पाय अशा वेळी आपोआप ब्रेकवर जातो. गाडीचा वेग कमी होतो, मागची ट्रॉली ढकलत राहते आणि गाडी-ट्रॉली चाकूसारखी मिटते. स्टिअरिंग सरळ घट्ट धरून अॅक्सिलरेटर सोडणे आणि वेग आपोआप उतरू देणे, हा त्यावरचा उपाय आहे. वेग वाढवून ट्रॉली ‘सरळ’ करण्याचा सल्ला काही अनुभवी मंडळी देतात. तो ऐकू नये.

भार फार पुढे झाला तरी वेगळी पंचाईत होते. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि हुक मागच्या चाकांपासून सव्वा मीटर मागे आहे. हुकावर दीडशे किलो ठेवले तर मागच्या चाकांवर दीडशे नव्हे, दोनशे दहा-पंधरा किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे साठ-पासष्ट किलो कमी होतात. सी-सॉवर मागे पोर बसले की पुढचे वर जाते, तसेच. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सुटते, ब्रेक नीट लागत नाहीत आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मागचे पाटे बसलेले आणि पुढचे नाक वर असलेली गाडी दिसली की जाणकार माणूस दोन हात लांब राहतो.

हुकावरचा भार मोजायला मोठी यंत्रे लागत नाहीत. ट्रॉली सपाट जागी, नेहमीसारखी भरलेली, चाकांखाली दगड लावलेली ठेवावी. दांड्याचे टोक गाडीच्या हुकाइतक्याच उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर उभा करून त्यावर ते टेकवावे. काटा दाखवेल तोच हुकावरचा भार. घरगुती काट्याची मर्यादा बहुधा सव्वाशे-दीडशे किलोंची असते, हे लक्षात ठेवून दांडा हळू टेकवावा, नाही तर नवा काटा आणावा लागेल.

थांबण्याचा प्रश्न

इंजिन किती ओढते याची परीक्षा निघतानाच होते. ओढले नाही तर गाडी जागेवर राहते, कोणाचे काही बिघडत नाही. थांबण्याची परीक्षा मात्र समोर शाळेतले मूल आले की होते.

वरच्या उदाहरणातली ३,८९० किलोंची जोडगाडी घेऊ. पिकअपचे ब्रेक ३,००० किलोंसाठी आहेत आणि ट्रॉलीला ब्रेकच नाहीत. वजन सुमारे तीस टक्क्यांनी वाढले आणि रोखणारी ताकद तेवढीच राहिली. कोरड्या रस्त्यावर साठच्या वेगाने धावणारी पिकअप पूर्ण भाराने ब्रेक दाबल्यावर २८ मीटरांत थांबत असेल, तर आता तिला ३६ मीटर लागतील. ब्रेक दाबण्याआधी भानावर यायला लागणारा सेकंदभर वेळ, म्हणजे आणखी १७ मीटर, वेगळाच. आठ मीटरांचा हा फरक म्हणजे पुढे उभ्या असलेल्या दोन मोटारी. बंगळूरच्या गर्दीत दोन मोटारींची जागा कोण मोकळी ठेवतो?

उतारावर तर ट्रॉली सतत ढकलत असते. वीस फुटांत एक फूट उतार असला तर एक टनाची ट्रॉली पन्नास किलोंच्या जोराने मागून रेटते, आणि हे घाट संपेपर्यंत चालते. ब्रेक तापतात, तापले की लागेनासे होतात. दिवाळीत बंगळूरहून गावी निघालेल्या कुटुंबाला याच महामार्गावर निपाणीजवळचा तवंदी घाट लागतो, पुढे साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी लागतो. पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तर अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने पुढच्या कितीतरी मोटारींना एकामागून एक ठोकरले. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम ट्रॉली असली तर दुप्पट पाळायचा असतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे म्हणजे तर विषाची परीक्षा.

ब्रेक नसलेली ट्रॉली किती वजनापर्यंत चालावी, याला बाहेरच्या देशांत स्पष्ट उत्तर आहे. ब्रिटनमध्ये अशी ट्रॉली भारासह ७५० किलोंच्या वर चालत नाही, शिवाय ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नको, अशीही अट आहे. टोयोटाची हायलक्स ही पिकअप बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यात जुळवली जाते आणि २०२२ पासून भारतात विकली जाते. ऑस्ट्रेलियात याच गाडीला ब्रेक असलेली ट्रॉली साडेतीन टनांपर्यंत ओढायला परवानगी आहे, ब्रेक नसेल तर फक्त ७५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच, आणि ट्रॉलीला ब्रेक नाहीत एवढ्यावरून मर्यादा एवढी खाली येते. हे ऑस्ट्रेलियातले आकडे आहेत. भारतात विकलेल्या गाडीला ते परस्पर लावायचे नाहीत.

अमेरिकेत पिकअपला ट्रॉली ही घरोघरची गोष्ट. तिथेही प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोठमोठे आकडे जाहीर करीत असे. २००८ मध्ये मोटार अभियंत्यांच्या संस्थेने सर्वांसाठी एकच कसोटी ठरवली. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा सुमारे अठरा किलोमीटरांचा चढ भर उन्हाळ्याच्या तापमानात, वातानुकूलन चालू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता चढायचा, ही तिच्यातली एक परीक्षा. जाहिरातीतल्या आकड्यावर कितपत विसंबायचे, याचा अंदाज यावरून यावा.

ट्रॉलीचे ब्रेक अनेक तऱ्हांचे असतात. लहान ट्रॉलीसाठी सोपी पद्धत म्हणजे ढकलण्याच्या जोरावर लागणारे ब्रेक. पुढची गाडी मंदावली की ट्रॉली हुकावर रेटा देते, त्या रेट्याने दांड्यातला दट्ट्या मागे सरकतो आणि ट्रॉलीचे ब्रेक ओढले जातात. वेगळी नळी लागत नाही. ट्रॉली घ्यायचीच असेल तर असे ब्रेक, उभी करताना लावायचा हातब्रेक, आणि हुक निसटला तर धरून ठेवणाऱ्या दोन साखळ्या यांवर खर्च करावा. साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावतात, म्हणजे दांडा निसटला तरी जमिनीवर न आपटता त्यांच्या झोळीत राहतो. रंगरंगोटी आणि आरसेवाली नावे नंतर करता येतात.

टायरही पाहून घ्यावेत. टायरच्या बाजूला मापाच्या शेवटी एक आकडा असतो. ९१ म्हणजे तो टायर ६१५ किलो पेलतो, १०० म्हणजे ८०० किलो. ट्रॉलीला अनेकदा कुठल्या तरी जुन्या मोटारीचे उतरवलेले टायर बसवलेले असतात आणि त्यांवरचा आकडा कोणी वाचलेलाच नसतो.

ट्रॉली हीसुद्धा गाडीच

कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली ही गाडीला लावलेली शेपटी नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दातच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे तिला स्वतंत्र नोंदणी हवी, विमा हवा, आणि शेवटच्या ट्रॉलीच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक दिसला पाहिजे. गाडीचा नमुना बाजारात येण्यापूर्वी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्था तो तपासतात. कंपनीने न दिलेला हुक चासीला वेल्डिंग करून लावणे म्हणजे या तपासलेल्या गाडीत परस्पर बदल करणे. तो कायद्यालाही मान्य नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने चासीची पट्टी तिथेच कमकुवत होते, ते निराळे.

जास्त भाराचा दंडही आता किरकोळ राहिलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तो वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा झाला. जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाच्याच माथी. वजन करू द्यायला नकार दिला तर चाळीस हजार. पण दंड भरून माणूस सुटतो तरी. खरी धास्ती विम्याची आहे. नोंदणी नसलेल्या, विमा नसलेल्या ट्रॉलीने कोणी जायबंदी झाले तर भरपाईचा दावा थेट मालकाच्या घरावर आणि शेतावर येऊ शकतो. अशा खटल्यांत वर्षानुवर्षे जातात.

याहून नाजूक गोष्ट माणसांची आहे. गावाकडे ट्रॉलीत सतरंजी घालून वऱ्हाड नेले जाते, जत्रेला बायकामुले नेली जातात. तोच आनंद शहरातल्या ट्रॉलीत मुलांना बसवून देण्याचा मोह होतो. माल नेणाऱ्या वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आहे. पैशांचे सोडा, पण ट्रॉलीत धरायला काही नसते, ती उलटायला एक खड्डा पुरतो आणि पुढे बसलेल्या ड्रायव्हरला मागे काय झाले हे कळतही नाही. ट्रॉलीत कोणीही बसायचे नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. हे घरातल्या बायकांनीच ठणकावून सांगितले तर पुरुष ऐकतात, असा साधारण अनुभव आहे.

मग ट्रॉली कोणी घ्यावी?

ट्रॉली मुळीच नको असे नाही. जो माल हौद्यात चढवणे-उतरवणे त्रासाचे आहे, जो चाकांवरच असलेला बरा, त्यासाठी ती उत्तम. मंडपवाल्याचा जनरेटर, वेल्डिंगचा संच, छोटा कॉम्प्रेसर. अशा वेळी वजन ठरलेले असते, रोज बदलत नाही, आणि पिकअप पुढे जवळजवळ रिकामी ठेवता येते. जनरेटरच्या पाटीवर वजन छापलेले असते. त्यात ट्रॉलीचे वजन मिळवले की बेरीज ओढण्याच्या मर्यादेत बसते का, एवढेच पाहायचे.

काँक्रीटच्या मिक्सरची गोष्ट निराळी. त्याची चाके बांधकामावर इकडून तिकडे हलवण्यापुरती असतात. त्याला बहुधा पाटेही नसतात आणि ब्रेकही नसतात. तो टेम्पोला दोरीने बांधून तुमकूर रोडवरून पळवणाऱ्यांचे धाडस पाहून अंगावर काटा येतो. मिक्सर दुसऱ्या गाडीत चढवून न्यावा.

पाण्याची टाकी न्यायची असेल तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. अर्धी टाकी सर्वांत वाईट, कारण ब्रेक लावला की पाणी पुढे धावते आणि वळणावर बाजूला.

ट्रॉलीची रुंदी गाडीच्या आरशांतून मागचे दिसेल इतकीच असावी. फार आखूड ट्रॉली चांगली वाटते, पण मागे घेताना ती पटकन वाकडी होते. थोडी लांब असलेली शहाण्यासारखी मागे येते. वळताना ट्रॉलीची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आतल्या बाजूने जातात, त्यामुळे यशवंतपूरच्या बाजारातल्या अरुंद वळणांवर कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायावरून चाक जाण्याची भीती असते. पहिले काही दिवस रिकाम्या मैदानात सराव करणे बरे.

आणि दिवे. ट्रॉली जोडली की गाडीचे मागचे दिवे झाकले जातात, तेव्हा ट्रॉलीला स्वतःचे टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर लागतात. उसाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. तिच्यामागे धडकणारी मोटार बहुधा एखाद्या कुटुंबाचीच असते.

रस्त्यांचेही पासिंग असते, हे यशवंतपूरकरांनी जवळून पाहिले आहे. पीण्याच्या लांबलचक उड्डाणपुलाच्या केबलमध्ये दोष आढळल्यामुळे तो डिसेंबर २०२१ मध्ये बंद करावा लागला. हलकी वाहने काही आठवड्यांत सुरू झाली, पण जड वाहनांना पुन्हा वर जाऊ द्यायला २०२४ साल उजाडले. तोवर त्यांना खालच्या गर्दीतूनच वाट काढावी लागली.

राहता राहिला वजनकाटा. बाजार आवारांच्या आसपास तो असतोच आणि पावती थोड्या पैशांत मिळते. नेहमीसारखा माल भरून, डिझेल टाकून, माणसे बसवून तीन वजने करावीत. आधी गाडी आणि ट्रॉली दोन्ही काट्यावर घ्यावी, की एकत्रित वजन कळते. मग गाडी पुढे काढून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर ठेवावीत, हुक न सोडता. शेवटी हुक सोडून एकटी ट्रॉली तोलावी. तिसऱ्या वजनातून दुसरे वजा केले की हुकावरचा भार मिळतो, आणि तो तिसऱ्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के आहे का, हे पावतीच्या पाठीवरच काढता येते. पहिल्या वजनातून दुसरे वजा केले की हुकाच्या भारासह पिकअपचे वजन कळते. ते नोंदणी प्रमाणपत्रावरच्या आकड्याच्या वर असेल तर गोण्या तिथेच उतरवून घ्याव्यात. हमाल जवळच असतात.